नखुरडं झालंय? ब्लेड लावू नका

पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं की बोट सुजतं, ठणकतं, पू होतो. वस्त्यांत फिरताना आम्ही बघतो, रोज बुडेल म्हणून लोक दुखणं अंगावर काढतात, घरीच ब्लेडनं कोपरा कोरतात. आत राहिलेलं टोक आणखी खोल जातं. शुगर असेल तर बोट गमवायची वेळ येते.

यावर छोटं ऑपरेशन आहे. बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन बोट बधिर करतात. सुई दुखते, पुढचं दुखत नाही. नखाची रुतलेली पट्टीच काढतात. ती पुन्हा उगवू नये म्हणून बऱ्याचदा मुळाला फेनॉल लावतात. त्याच दिवशी घरी येता येतं.

शुगर किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. दोन दिवस पाय उशीवर ठेवा, पट्टी कोरडी ठेवा. पू, ताप, लाली वाढली तर लगेच दाखवा.

आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पुढे नांदेडला विष्णुपुरीचा, लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा सर्जरी विभाग आहे.

आणि नख सरळ कापा, कोपरे कोरू नका. गमबूट घालून काम करणाऱ्यांनी बोटं आवळणारा बूट घेऊ नये.