सामाजिक दायित्व आणि शिक्षणनिधी

जबलपूरजवळील खमरिया येथील आयुध निर्माणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली. दीर्घकाळ शासकीय यंत्रणेचा भाग असलेली ही निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीकडे आली. शासकीय आस्थापनेचे कंपनीत रूपांतर झाले, की कंपनी कायद्याची बंधनेही येतात.

२०१३ च्या या कायद्यातील कलम १३५ नुसार, विहित आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. उदाहरणार्थ, नफा अनुक्रमे ६, ८ व १० कोटी रुपये असल्यास सरासरी ८ कोटी आणि दायित्व १६ लाख रुपये होते. शिक्षण व व्यवसाय-कौशल्य या कार्यांचा अनुसूची ७ मध्ये समावेश असून स्थानिक परिसरास प्राधान्य अपेक्षित आहे.

मात्र स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च यात धरला जात नाही. औद्योगिक वसाहतींत हा भेद मोलाचा ठरतो. कामगाराच्या मुलासाठी वसाहतीची शाळा असते. कुंपणाबाहेर मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलाला तिचा आधार असतोच असे नाही.

येथे बँकेचा संबंध येतो. चालू प्रकल्पाची अखर्चित रक्कम अनुसूचित बँकेतील स्वतंत्र खात्यात ठेवून तीन आर्थिक वर्षांत वापरावी लागते. या तरतुदीमागील अर्थ स्पष्ट आहे. शिष्यवृत्ती मध्येच थांबली, तर बहुधा शाळाही सुटते. म्हणून दानाच्या रकमेइतकेच त्याचे सातत्यही महत्त्वाचे होय.