एका मिनिटाचा चित्रपट

सन १९१२ मधील गोष्ट. दादासाहेब फाळके यांच्याजवळ इंग्लंडहून आणवलेला कॅमेरा होता. परंतु मोठा चित्रपट काढण्यास भांडवल नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर स्थिर ठेवला आणि रोपाची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी टिपली. महिन्याहून अधिक काळ हे काम चालले. पडद्यावर मात्र ते बी सर्वांच्या देखत झरझर वाढू लागले! 'अंकुराची वाढ' या लघुपटामुळे त्यांना भांडवल मिळण्यास मदत झाली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

मुलांनो, आज चित्रण करणारे यंत्र घरातील स्मार्टफोनमध्येच असते. यंत्र सुलभ झाले; पण फाळक्यांचा धीर आणि त्यांची दृष्टी आपली आपणच कमवावी लागते. वडील माणसांकडून फोन घेऊन तुम्हीही एका मिनिटाचा चित्रपट काढू शकाल.

प्रथम विषय ठरवावा. तो लहान असावा. 'आमचे गाव' हा विषय एका मिनिटात मावणार नाही. 'कुंभारकाका मडके कसे घडवतात' हा मावेल. मग कुंभारकाकांची परवानगी घ्यावी. त्यांनी नको म्हटले, तर दुसरा विषय शोधावा.

चित्रण करण्यापूर्वी फोनचे भिंग मऊ कापडाने पुसावे. फोन आडवा धरावा. कोपरे बरगड्यांशी टेकवली म्हणजे हात हलत नाही. भिंतीचा आधार मिळाला तर अधिक चांगले. सूर्य कुंभारकाकांच्या पाठीशी असेल, तर त्यांचा चेहरा काळवंडून दिसेल. म्हणून उजेड त्यांच्या समोरून किंवा बाजूने येईल, अशी जागा घ्यावी.

आता दृश्ये घ्यावीत. दुरून अंगण व चाक दिसावे. थोड्या अंतरावरून काम करणारे काका. अगदी जवळून ओल्या मातीवरची बोटे आणि मडके चाकापासून अलग करणारा दोरा. पडद्यावर बोटे ताणून दृश्य मोठे करू नये, ते अंधुक होते. आपण पुढे जावे. प्रत्येक दृश्य दहा अंक मोजेपर्यंत स्थिर ठेवावे. ध्वनीसाठीही जवळ जावे. वारा असल्यास आडोसा घ्यावा.

यानंतर संकलन. दृश्ये क्रमाने जोडावी. जे सुंदर आहे, परंतु गोष्ट पुढे नेत नाही, ते काढून टाकावे. हेच काम सर्वांत कठीण वाटते.

कोणाची फजिती टिपून हशा मिळवणे सोपे असते. पण ज्याची फजिती झाली, त्याला तो हशा विसरता येत नाही. म्हणून तुमचा चित्रपट प्रथम कुंभारकाकांनाच दाखवावा, आणि त्यांना न रुचलेले दृश्य वगळावे. मगच तो इतरांपुढे मांडावा. रोज माठातले पाणी पिणाऱ्यालाही तो माठ घडवणारे हात त्या मिनिटात प्रथमच दिसले, तर तुमचे श्रम सार्थकी लागले.