जलरंगांचा पहिला धडा

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत नळदुर्गास पावसाळ्यांत बोरी नदी आदिलशाही बांधावरून ‘नर’ व ‘मादी’ या दोन धबधब्यांनीं कोसळते. तें दृश्य रंगवावें असें कोणास वाटणार नाहीं? परंतु नवशिका धबधब्यासाठीं पांढरा रंग शोधूं लागतो व तेथेंच फसतो. जलरंग पारदर्शक, त्यांतील शुभ्रता कागदाचीच असते. म्हणून प्रथम पेन्सिलीनें हलकी रेखाकृति काढून धबधब्याची जागा कोरी राखावी. मग आकाशाचा फिकट थर द्यावा. तो पूर्ण वाळल्यावरच काळ्या दगडी भिंतीची गडद छटा भरावी. ओल्यावर घाई केल्यास रंग पसरतात. फिकटाचें गडद करितां येतें, गडदाचें फिकट करणें कठीण. पालकांनींही बिघडलेलीं चित्रें फेकूं नयेत. तारीख घालून जपावींत. पाल्याची प्रगति त्यांतच दिसेल.