एकाच माणसात दोन आत्मविश्वास?

प्रश्न : आम्ही भोपाळच्या शिवाजी नगरात राहतो. आजोबा 1956 साली सरकारी नोकरीबरोबर नागपूरहून इथे आले. मी शाळेत हिंदीतून शिकवते. प्रार्थनेच्या वेळी आठशे मुलांसमोर माइक घ्यायला मला काही वाटत नाही. पण गेल्या वर्षी पुण्यात मावसबहिणीच्या लग्नात खिडकीबाहेर बघून मी सहज म्हणाले, “पाऊस येऊन राहिला आहे,” आणि सगळे हसले. वाईट मनाने कोणीच हसलं नाही, पण पुढचे दोन दिवस मी फक्त हो-नाही केलं. आता पुण्याहून फोन आला की मी तो आईच्या हातात देते. एकाच माणसात दोन आत्मविश्वास असतात का? यातला दुसरा वाढवता येतो का?
— एक वाचक, शिवाजी नगर, भोपाळ

उत्तर : दोनच कशाला, दहा असतात. पोळ्या लाटताना एक, स्कूटर चालवताना दुसरा, बँकेत अर्ज भरताना तिसरा. ‘तिच्यात आत्मविश्वास आहे’ असं आपण ‘तिचे डोळे घारे आहेत’ या चालीवर म्हणतो, आणि तिथेच फसतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली या गोष्टीला वेगळं नाव दिलं. मराठीत त्याला स्वसामर्थ्याची खात्री म्हणता येईल. ही खात्री कामागणिक वेगळी असते, असं त्याचं म्हणणं. सापाला जन्मभर भ्यालेल्या लोकांना त्याने पायरीपायरीने सापाजवळ नेलं. आधी काचेपलीकडून बघायचं, मग दारात उभं राहायचं, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा. भीती गेली, आणि त्यातल्या काहींना इतर बाबतींतही आपण जास्त धीट झालो असं वाटू लागलं. म्हणजे खोल्या वेगळ्या असल्या तरी भिंती पातळ आहेत.

ही खात्री येते कुठून? बांडुराने चार वाटा सांगितल्या. स्वतः करून जमलं की येते, ही सगळ्यांत पक्की. आपल्यासारख्या कोणाला जमताना पाहिलं की येते. ज्याच्या शब्दाला किंमत आहे अशा माणसाने ‘तुला जमेल’ म्हटलं की थोडी येते. चौथी वाट शरीराची : छातीतल्या धडधडीचा अर्थ आपण काय लावतो त्यावर ती वाढते किंवा घटते.

आता तुमचा हिशेब मांडू. हिंदीत तुम्ही शिकलात, भांडलात, पहिल्या तासाला चाचरलात, मग सरावलात. मराठी मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच राहिली. घराबाहेरच्या माणसांसमोर तिला उभं राहायची वेळच आली नाही. पुण्यात ती पहिल्यांदा उभी राहिली आणि पहिल्याच वाक्याला हशा आला. पहिल्या प्रार्थनेला आठशे मुलं हसली असती, तर माइकचंही हेच झालं असतं.

पण तुम्ही चुकलात हे तुम्हाला सांगितलं कोणी? 1 नोव्हेंबर 1956 ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरचे कितीतरी मराठी कर्मचारी फायलींबरोबर इथल्या सरकारी क्वार्टरांत उतरले. ग्वाल्हेर-इंदूरकडूनही माणसं आली. नागपूरकरांच्या ट्रंकांमधून जे आलं त्यात ‘येऊन राहिला’ हेही होतं. नागपूर-वऱ्हाडात आजही पाऊस येऊनच राहतो आणि माणसं जेवूनच राहतात. तुमच्या आजोबांचं ते वाक्य सत्तर वर्षं शिवाजी नगरात जपलं गेलं. पुण्याच्या कानाला ते नवं वाटलं, एवढंच.

म्हणून पहिलं काम कागद-पेन घेऊन करायचं. दोन रकाने आखा. एकात, जी चूक नाहीच ती. ‘येऊन राहिला’ तिथे लिहा. दुसऱ्यात, खरी चूक. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे हिंदीत वाढलेल्या माणसाच्या तोंडून ‘माझी पुस्तक’ निघतं. ‘उससे पूछा’ डोक्यात असल्यामुळे ‘तिला विचारलं’च्या जागी ‘तिच्याशी विचारलं’ येतं. हा रकाना तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा बराच आखूड निघेल. न्यूनगंडाची गंमत अशी की तो मोघमपणावर जगतो. ‘माझं मराठी वाईट’ या वाक्याशी लढता येत नाही. ‘पुस्तक ते, वही ती’ हे मात्र आठवड्यात पाठ होतं.

दुसरी गोष्ट हशाची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्याला एका गायकाचं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावायचा, घालताना लाज वाटेल असा, आणि मग इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं. किती जणांचं लक्ष गेलं असेल? घालणाऱ्यांचा अंदाज होता, साधारण निम्म्यांचं. प्रत्यक्षात पाव लोकांनाही ते चित्र सांगता आलं नाही. तुमच्या मावसबहिणीला लग्नातलं ते वाक्य आठवतं का, एकदा विचारून बघा. तिला बहुधा हरवलेला हार आणि उशिरा आलेले गुरुजी आठवतील.

तिसरी गोष्ट अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची. अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे आणि डॉ. आनंद नाडकर्णींच्या लेखन-व्याख्यानांमुळे मराठी वाचकाला तो घरचा झाला आहे. विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्याने 1955 च्या सुमारास मांडली, पण तिची पहिली तालीम एकोणिसाव्या वर्षीच झाली होती. मुलींशी बोलायला तो कमालीचा लाजायचा. त्याने ठरवलं : महिनाभर न्यूयॉर्कच्या वनस्पतीउद्यानात जायचं, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. तो सांगे की तीसेक जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. भेटायला एकच तयार झाली, आणि ती आलीच नाही. तरी त्याची भीती गेली, कारण शंभर फजित्यांनंतरही तो धडधाकट होता. पुढे तो रुग्णांना मुद्दाम लाजेची कामं द्यायचा. त्यातलं एक म्हणजे भुयारी रेल्वेत उभं राहून येणाऱ्या स्टेशनाचं नाव मोठ्याने पुकारायचं. ‘पाच नंबर, छै नंबर, सात नंबर’ अशी बसथांब्यांची हाळी कंडक्टरच्या तोंडून ऐकत वाढलेल्या भोपाळकराला यात विशेष ते काय, असं वाटेल. तेच एलिसला सांगायचं होतं. कंडक्टरला लाज वाटत नाही, कारण त्याने ते हजार वेळा केलंय.

तुमची पायरी अशी लावा. या आठवड्यात पुण्याचा फोन आईकडे देण्याआधी दोन मिनिटं स्वतः बोला. पुढच्या आठवड्यात पाच. मग परिसरातल्या गणेशोत्सवात मराठीतून एखादी सूचना द्या. आधी छाती धडधडेल. प्रार्थनेच्या पहिल्या दिवशीही धडधडली होती, फक्त तुम्ही ते विसरलात. आणि आपल्यासारखं कोणी बघायचं असेल, तर गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी, त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी-समीक्षक. घर एकच, आणि मराठी.

एक सावधगिरी. ही भीती फोनापुरती न राहता शाळेत, बाजारात, सगळीकडे पसरली, झोप-जेवण बिघडू लागलं, किंवा महिनोन् महिने तुम्ही माणसं टाळू लागलात, तर स्तंभातल्या उत्तरावर थांबू नका. समुपदेशकाला भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

आणि पुढच्या पावसाळ्यात पुण्याला जाल तेव्हा ते वाक्य पुन्हा म्हणा, या वेळी ठरवून : “पाऊस येऊन राहिला आहे.” हसू आलं तर घड्याळाकडे बघा, ते किती सेकंद टिकतं ते मोजा आणि आकडा आम्हाला कळवा. दोन दिवसांपेक्षा तो नक्कीच कमी भरेल.