रास्त दामाची खरेदी

प्रश्न : 'फेअर ट्रेड'चा शिक्का मला महागड्या परदेशी कॉफी-चॉकलेटवरच दिसतो. त्याऐवजी सेंद्रिय माल घेतला की शेतकऱ्याला, कारागिराला रास्त दाम मिळाला असं धरायचं का?
– एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : ताई, तसं धरू नका. सेंद्रिय ही पिकवण्याची पद्धत झाली. राबणाऱ्याच्या हाती किती पडलं, हे त्यावरून कळत नाही. पण त्यासाठी परदेशी मालच घ्यावा असंही नाही. अंधेरी पूर्वेची 'क्रिएटिव्ह हॅण्डिक्राफ्ट्स' १९८४ पासून वस्तीतल्या बायकांना शिवणकाम शिकवून रास्त मजुरी देते. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची ती सदस्य आहे. गावाकडच्या बचतगटांचा माल हवा असेल, तर 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनाला जा. तिथे पापड लाटणारीच पापड विकायला बसलेली असते. तिच्याशी घासाघीस मात्र करू नका.

वारली चित्रकलेच्या बाबतीत जपून. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी वारली नक्षीच्या चादरी-पिशव्या सर्रास यंत्रावर छापल्या जातात. जवळून पाहा : नाचणारी सगळी माणसं हुबेहूब सारखी असतील, तर तो छाप. हातच्या रेघेची जाडी कमीजास्त होतेच. कोणी काढलं, कुठल्या गावचं, हे बिनदिक्कत विचारा.