जागर आणि झोप

एकादशीचा जागर हे वारकऱ्याचे भूषण आहे, त्याविषयी दुमत नाही. पंधरवड्यातून एक रात्र हरिनामात काढली म्हणून धडधाकट माणसाची प्रकृती ढासळली, असे आम्ही तरी पाहिले नाही. पण अलीकडे वारीत एक निराळीच चाल पडू लागली आहे. रोजच जागायचे, आणि कोण किती कमी निजला याची सकाळी चहाच्या वेळी बढाई सांगायची! वेळापूरच्या तळावर एका वयस्कर माळकऱ्याने आम्हांस मोठ्या अभिमानाने सांगितले, की आळंदी सोडल्यापासून आपण रात्री तीन तासांवर पाठ टेकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच बुवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन वाटेतच बसले. त्यांना मधुमेह. पोरांनी हाताला धरून झाडाखाली नेले, पाणी पाजले, डॉक्टरांना बोलावले. आम्ही त्यांना नावे ठेवीत नाही. तरुणपणी याच बढाया आम्हीही मारल्या आहेत.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे, की अति निजणाऱ्याला योग साधत नाही, तसा सदा जागणाऱ्यालाही साधत नाही. त्यावर ज्ञानेश्वरीत माउलींचा भाव असा, की आहाराला जसे माप, तसेच झोपेला आणि जागण्यालाही माप असावे. आपण अर्धेच लक्षात ठेवतो. आळशाला बोल लावायला अध्याय आठवतो, जागणाऱ्याच्या वेळी विसरतो! चरकाचार्यांनी तर आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहेत. खांब काढला तर माळवद किती दिवस उभे राहील?

आजचे वैद्यकही तेच सांगते. मोठ्या माणसाला रात्री निदान ७ तास झोप हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. गाढ झोपेत अंगाची झीज भरून निघते, रक्ताचा दाब उतरतो, दिवसभर ऐकलेले मनात ठसते. ओळीने काही रात्री झोप तुटली, तर खाल्लेल्या अन्नातली साखर शरीराला नीट पेलत नाही. मधुमेह नसलेल्याचीही हीच गत, मग त्या बुवांची काय कथा! शिवाय भूक भलतीच वाढते आणि सर्दीपडसे लवकर धरते. पावसात भिजत आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे २५० किलोमीटर चालायचे, तर हे परवडेल काय?

मग जागर सोडावा की काय? मुळीच नाही. वाग्भटाने यावर तोड सांगितली आहे: सवय नसता जागरण घडले, तर जितके जागलो त्याच्या निम्मे दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता निजावे. चालून थकलेल्याला दिवसा निजण्याची मोकळीक चरकाचार्यांनीही दिली आहे. काही घरांत द्वादशीला दिवसा निजत नाहीत. त्यांनी नेम मोडू नये, पण त्या रात्री दिवा लवकर मालवावा. संध्याकाळनंतरचा चहा मात्र सोडावा, त्याचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरतो. आणि राहुटीत अंथरुणावर पडून मोबाइल पाहणे, हा जागर कोणत्या देवाचा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

एक गोष्ट मात्र दिंडीचालकांनी मनावर घ्यावी. सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हरही भाविकच असतो. रात्री कीर्तनात टाळ घेऊन उभा राहतो आणि पहाटे गाडी काढतो. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर थोडी दारू घेतलेल्यासारखी मंदावतात, हे प्रयोगाने सिद्ध झाले आहे. त्याच्या चाकापुढे चालणारी कोण? आपलीच म्हातारी माणसे, डोक्यावर तुळस घेतलेल्या आपल्याच आयाबहिणी.

अखंड सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पण ती एकाच्याच गळ्यात राहते काय? पहारे लावलेले असतात. एकाने दुसऱ्याच्या पाया पडायचे, वीणा द्यायची आणि जाऊन निजायचे. नामही खंडत नाही आणि माणूसही मोडत नाही. आमच्या दिंडीत आता ड्रायव्हरचा असाच पहारा ठरवला आहे. रात्री नऊ वाजता त्याने अंथरूण धरायचे. त्याच्या वाटचे टाळ दुसरा कोणी तरी वाजवतो. पहिल्या दिवशी तो रुसला होता. आता साडेआठलाच घोंगडी शोधू लागतो.