बिनशिलाईचे दुपटे

हिवाळ्यात जन्मलेल्या बाळास उबेची गरज अधिक असते. पण सुगीच्या दिवसांत घरात सुईदोरा घेऊन बसण्यास सवड असतेच असे नाही. अशा वेळी जुन्या सुती लुगड्याचे दुपटे केवळ गाठी मारून तयार होते. नव्या कापडापेक्षा वापरून मऊ झालेले लुगडे बरे. मात्र ते उकळून कडक उन्हात वाळवावे.

सुमारे १ मीटरचे दोन चौकोन एकावर एक ठेवावेत. चारही कोपऱ्यांतून ८ सेंटिमीटरचे चौकोन कापून काढावेत. मग चारही कडांना तितक्याच खोल, ३ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापून वरची पट्टी खालच्या पट्टीशी दुहेरी गाठीने बांधीत जावे. फार ओढू नये, कड चुणते. टोके आखूड कापावीत.

खरी काळजी पुढेच आहे. सुती पट्ट्यांचे दोरे सुटतात. असा दोरा बाळाच्या बोटास गुंडाळला गेल्यास रक्त अडते, आणि बाळ नुसते रडत राहते. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर लोंबते दोरे कापावेत. रडणे थांबत नसेल तर हातापायांची बोटे आधी पाहावीत. गुंडाळताना पाय आवळू नयेत, तोंड झाकू नये. निजलेल्या बाळावर दुपटे मोकळे टाकू नये. कमी वजनाच्या बाळास आईच्या उघड्या छातीशी धरून वरून ते पांघरावे.